कानात वाजतं, मनाला लागतं

बेद्रिख स्मेताना हा चेक संगीतकार १८७४ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण बहिरा झाला. वय पन्नास. बाहेरचं ऐकू येणं गेलं, पण कानातले आवाज काही गेले नाहीत. दोन वर्षांनी त्याने ‘माझ्या आयुष्यातून’ नावाची चार तंतुवाद्यांची रचना लिहिली. तिच्या शेवटच्या भागात लोकनृत्याच्या ठेक्यावर मजेत चाललेलं संगीत मध्येच तुटतं. खालची वाद्यं थरथरू लागतात आणि त्यांच्या वर पहिलं व्हायोलिन एकच अतितार स्वर धरून ठेवतं. बहिरेपणाची वर्दी घेऊन आलेली कानातली शिट्टी ती हीच, असं स्मेतानाने स्वतः पत्रात लिहून ठेवलं आहे. रचना यूट्यूबवर सहज मिळते. तो स्वर काही सेकंदच टिकतो, तरी नको होतो.

डॉक्टरांच्या भाषेत हा टिनिटस. पेशंट मात्र ‘कान वाजतात’, ‘रातकिडे ओरडतात’, ‘कुकरची शिट्टी थांबतच नाही’ असं काहीबाही सांगतात. बाहेर काहीच वाजत नसताना ऐकू येणारा हा आवाज दुर्मीळ मुळीच नाही. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकी संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवलं. ९४ टक्के लोकांनी काही ना काही ऐकू आल्याचं सांगितलं. नंतरच्या प्रयोगांत हे प्रमाण कमी भरलं, पण पुरेशी शांतता मिळाली की पुष्कळांचे कान वाजतात एवढं नक्की. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०२२ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार साधारण १४ टक्के प्रौढांना टिनिटसचा अनुभव आहे आणि सुमारे २ टक्क्यांना त्याचा तीव्र त्रास आहे.

मला या दोन आकड्यांमधली फट महत्त्वाची वाटते. आवाज १४ जणांना येतो, मग त्यातल्या दोघांचीच झोप का उडते?

कानातून याचं उत्तर मिळेल असं बराच काळ वाटत होतं. आपल्या प्रत्येक अंतर्कर्णात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. वय, कारखान्यातला खडखडाट, मिरवणुकीतला डीजे आणि कानाजवळ फुटलेला सुतळी बॉम्ब या सगळ्यांचा पहिला मारा बारीक, तार आवाज टिपणाऱ्या पेशींवर होतो. (फटाक्यांसाठी आपल्याकडची कायदेशीर मर्यादा चार मीटरवर १२५ डेसिबल आहे. चार मीटर मोजून कोण उभं राहतं, हे वाचकांनी अंगणात पाहिलेलंच असेल.) त्या पट्टीतले संदेश कानाकडून येईनासे झाले की मेंदू आपला अ‍ॅम्प्लिफायर वाढवतो आणि मज्जापेशींची एरवीची किरकोळ कुजबुजसुद्धा आवाज म्हणून जाणवू लागते. म्हणूनच आवाजाची सुरुवात कानातल्या इजेपासून होत असली तरी तो पुढे मेंदूत तयार होत राहतो. गाठीच्या शस्त्रक्रियेत श्रवणाची नस कापावी लागलेल्या अनेकांचा आवाज नस गेल्यावरही चालूच राहिला. ‘कानच नको, काढून टाका’ असं वैतागून म्हणणाऱ्यांना एवढं सांगायलाच हवं.

आता ऑडिओलॉजिस्टच्या केबिनमध्ये काय होतं ते पाहू. पेशंट हेडफोन लावून बसतो. पलीकडून एकेक सूर सोडला जातो. ‘असा आहे का? की याहून बारीक?’ ४००० हर्ट्झ, ६०००, ८०००. कुठेतरी पेशंट हात वर करतो, हाच तो. मग तो सूर किती मोठा केला म्हणजे आतल्या आवाजाच्या बरोबरीला येतो ते मोजतात. विमानाच्या इंजिनासारखा आवाज असल्याचं सांगणाऱ्या माणसाच्या कागदावर बऱ्याचदा त्याच्या ऐकण्याच्या उंबरठ्याच्या वर जेमतेम पाच-दहा डेसिबल उमटतात. पानांची सळसळ व्हावी एवढेच. पेशंट खोटं बोलत नसतो. आवाजाची मोजलेली पातळी आणि त्याचा होणारा छळ यांचा मेळ बसत नाही, एवढंच. म्हणून छळ मोजायला वेगळी पट्टी करावी लागली. १९९६ साली तयार झालेल्या २५ प्रश्नांच्या प्रश्नावलीत आवाज केवढा आहे याची चौकशी जवळजवळ नाहीच. लक्ष लागतं का, चिडचिड होते का, रात्री झोप लागते का, आपल्याला काहीतरी भयंकर झालंय असं वाटतं का, असे प्रश्न आहेत. गुण शंभरपैकी.

या कोड्यावर पावेल यास्त्रेबॉफ या पोलिश-अमेरिकी शास्त्रज्ञाने उंदरांवर केलेला एक प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पिंजऱ्यात सतत एक घरघर चालू असायची. तहानलेले उंदीर नळीतून पाणी चाटत बसायचे. मधूनच घरघर बंद व्हायची आणि त्या शांततेच्या शेवटी पायांना विजेचा हलका झटका बसायचा. लवकरच शांतता पसरली की उंदीर पाणी प्यायचे थांबू लागले. मग त्यांना सॅलिसिलेट दिलं, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या जातीचं औषध. मोठ्या मात्रेत ते कान वाजवतं. घरघर थांबली तरी हे उंदीर इतरांपेक्षा जास्त वेळ पीत राहिले, कारण त्यांच्यापुरती शांतता झालेलीच नव्हती. प्राण्यांचेही कान वाजतात हे यातून दिसलं. पण खरी गंमत उलट्या क्रमात होती. ज्या उंदरांना झटक्यांचं शिक्षण सुरू होण्याआधीपासून औषध दिलं होतं, ते भीती जास्त पक्की शिकले. त्यांच्या बाबतीत झटक्याशी जोडला गेला तो कानातला आवाजच, आणि तो काही पिंजऱ्यातल्या घरघरीसारखा बटणाने चालू-बंद होणारा नव्हता.

१९९० मध्ये यास्त्रेबॉफने आपलं प्रारूप मांडलं. मेंदूतल्या भीतीच्या आणि सावधपणाच्या यंत्रणेने ‘हा धोका आहे’ असा शिक्का आवाजावर मारला की छळ सुरू होतो. शिक्का बसला नाही तर तोच आवाज मागे पडतो. दादरला रुळांलगतच्या चाळीत राहणाऱ्यांना रात्रीची शेवटची लोकल कधी गेली हे कळत नाही, पाहुण्याला मात्र रात्रभर डोळा लागत नाही, तसं.

चिंताविकारांवर काम करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्कने १९८६ मध्ये पॅनिक अटॅकबद्दल जवळपास हेच मांडलं होतं. जिना चढून छाती धडधडली, किंवा चहा जास्त झाला, किंवा काहीच झालं नाही. माणूस त्या धडधडीचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावतो. घाबरल्याने धडधड वाढते. वाढलेली धडधड हा त्याला पुरावाच वाटतो. रात्री दोन वाजता रिक्षा करून कॅज्युअल्टी गाठली जाते, ईसीजी नॉर्मल येतो, ‘टेन्शन घेऊ नका’ असं ऐकून माणूस घरी परततो आणि पुढच्या रात्रीची वाट पाहू लागतो. या जागी धडधडीऐवजी शिट्टी ठेवा. दिवसातून वीस वेळा ‘आहे का अजून?’ म्हणून कानोसा घेणं, शांत खोली टाळणं, लग्नकार्याला जाणं सोडणं, झोपताना धास्तावणं, सगळं जसंच्या तसं लागू पडतं. टिनिटसच्या दवाखान्यांत चिंता आणि नैराश्याचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतं. आवाजाने चिंता आली की चिंतेने आवाज वाढला, याचा एकच निकाल सगळ्यांना लागू नाही. आधीपासून काळजीखोर असलेल्याला आवाज जास्त छळतो आणि छळलेला माणूस काळजीखोर होतो. दोन्ही वाटा खुल्या आहेत.

अर्थ लावण्यावर किती अवलंबून असतं याचे दाखले जुने आहेत. मार्टिन ल्यूथरला कानातल्या गडगडाटामागे सैतानाचा हात दिसत असे. आपल्या सुश्रुताने कर्णनादात भेरी, मृदंग, शंखासारखे आवाज येतात आणि कर्णक्ष्वेडात बासरीसारखे, असा भेद करून दोन्ही रोगांच्या यादीत घातले. आणि हठयोगाच्या परंपरेत साधक कान बंद करून आतला नादच शोधत बसतो. आधी मोठे आवाज, मग घंटा, वीणा, भुंग्याचा गुंजारव, असे टप्पे ‘हठप्रदीपिके’त दिले आहेत. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अनाहताचा नाद येतो तो आपल्याला ठाऊक आहे. टिनिटस म्हणजेच अनाहत असा जावईशोध मला लावायचा नाही, आणि कान वाजणाऱ्या माणसाला ‘भाग्यवान आहेस’ सांगणाऱ्या महाराजांपासून चार हात लांब राहिलेलं बरं. पण आतून येणाऱ्या आवाजाकडे कुणी धाव घेतं आणि कुणी त्याच्यापासून पळतं, एवढं यातून दिसतं.

अर्थात आधी शरीराची तपासणी. कानातला मळ हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात सुखाचं कारण. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठेक्यावर ‘धप धप’ वाजत असेल, सोबत गरगरत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायलाच हवं. एका कानाचं ऐकणं दोन-तीन दिवसांत अचानक गेलं असेल तर त्याच दिवशी जावं, कारण स्टिरॉइडचा उपयोग लवकर दिलं तरच होतो. औषधांचीही चौकशी व्हावी. कॅन्सरसाठीचं सिस्प्लॅटिन, क्षयरोगासाठी वर्षानुवर्षं टोचली गेलेली स्ट्रेप्टोमायसिन आणि कानामायसिनची इंजेक्शनं, यांनी कित्येकांचे कान बिघडवले आहेत.

तपासणीत धोक्याचं काही निघालं नाही की मात्र आपल्याकडे गाडी अडते. एक गोळी लिहून दिली जाते आणि वर एक वाक्य मिळतं: ‘यावर औषध नाही, सवय करून घ्या.’ गोळी बहुधा बीटाहिस्टीन असते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२० मध्ये केवळ टिनिटससाठी ती देऊ नये असं स्पष्ट सांगितलं. अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेने गिंको, झिंक, मेलाटोनिन यांना नकार दिला, आणि निव्वळ कानातल्या आवाजासाठी नैराश्याच्या किंवा चिंतेच्या गोळ्या सरसकट देऊ नयेत असंही म्हटलं. चिंताविकार खरोखर असेल तर त्याच्या औषधांचा उपयोग होतो, तो प्रश्न वेगळा. अल्प्राझोलामची अर्धी गोळी महिनोन्‌महिने घेत राहणारे मात्र नव्या फेऱ्यात सापडतात.

‘सवय करून घ्या’ हे वाक्य खोटं नाही, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. सवय हाच उपचार आहे, पण ती कशी करायची हे शिकवावं लागतं. ते शिकवणारी पद्धत म्हणजे विचार आणि वर्तन बदलणारी सीबीटी. तिचं एक मूळ अल्बर्ट एलिस याने १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विचारसरणीत आहे. मराठी वाचकांना ती परकी नाही. कि. मो. फडके यांनी ती इथे रुजवली आणि अंजली जोशी यांचं ‘मी अल्बर्ट एलिस’ आपल्याकडे वाचलं गेलं आहे. पॅनिकच्या उपचारात पेशंटला मुद्दाम बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतात, फिरत्या खुर्चीत गरगर फिरवतात, जागच्या जागी पळवतात. छाती भरते, डोकं गरगरतं, आणि तरीही काही होत नाही, हे त्याच्या शरीराला कळतं. टिनिटसमध्ये हेच उलट्या बाजूने. पंखा, टीव्ही बंद करून शांत खोलीत बसायचं, आवाज येऊ द्यायचा, त्याच्याशी भांडायचं नाही आणि त्याला चुकवायचंही नाही. ‘आता मला कधीच झोप लागणार नाही’ हे वाक्य कागदावर लिहून त्याची उलटतपासणी करायची.

नेदरलँड्समध्ये रिलाना सिमा आणि सहकाऱ्यांनी ४९२ पेशंटांवर या धर्तीच्या टप्प्याटप्प्याच्या उपचाराची चाचणी घेतली. ती २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या लोकांचा त्रास वर्षाअखेर स्पष्टपणे कमी झाला. २०२० च्या कोक्रेन आढाव्यात २८ चाचण्या एकत्र केल्या, निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. आवाज बंद होत नाही. ज्यांना तो बंदच हवा आहे त्यांना हे ऐकून निराशा येते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने दुहेरी फायदा होऊ शकतो. बाहेरचे आवाज वाढले की आतला झाकला जातो. डब्लिनच्या कंपनीचं जिभेला विजेची हलकी स्पंदनं आणि कानाला आवाज देणारं ‘लेनिअर’ हे यंत्र अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. त्याच्या मोठ्या चाचणीत खोटं यंत्र दिलेला तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे मी तरी अजून थांबेन.

आपल्याकडचा खरा प्रश्न शिकवणारा माणूस कुठे आहे हा आहे. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १२ राज्यं होती, महाराष्ट्र त्यात नव्हता. तिच्यानुसार मानसिक आजार असलेल्यांपैकी उपचार न मिळणारे आजारागणिक ७० ते ९२ टक्के होते. ठाण्यात आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएचसारख्या मानसिक आरोग्याच्या संस्था मोजक्या. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या माणसाला कानासाठी तालुका, ऑडिओलॉजिस्टसाठी जिल्हा आणि मानसशास्त्रज्ञासाठी पुणे-मुंबई गाठावी लागते. त्यातही कानाच्या तक्रारीसाठी ‘डोक्याच्या डॉक्टर’कडे पाठवलं की तो अपमान मानतो. स्वीडनमध्ये गेरहार्ड आंदेरसन यांनी इंटरनेटवरून टिनिटससाठी सीबीटी देण्याची पहिली चाचणी २००२ मध्येच प्रसिद्ध केली होती, आणि गावोगाव मोबाइल असलेल्या आपल्या राज्यात मराठीतून तसं करायला यंत्रसामग्रीची अडचण नाही. निदान चिंतेपुरती सुरुवात करायला ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, मराठीतून बोलता येतं. समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा जाताना ऑडिओग्राम आणि चालू गोळ्यांची यादी सोबत न्यावी. झोपेची किंवा चिंतेची गोळी बराच काळ चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. ती अचानक तोडल्यानेही घबराट वाढते आणि कान वाजू लागतात.