दोन सायकली, एक नदी

एकाला ट्रेकिंगचं वेड आणि दुसऱ्याला सोसायटीचे तीन जिने चढले तरी धाप! अशा जोडीने परदेशात सायकल टूरला जावं का? बिनधास्त जावं. फक्त आल्प्सच्या घाटांच्या वाटेला न जाता डॅन्यूब नदीचा काठ धरावा. जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना, सुमारे ३२० किलोमीटर.

जोडप्याच्या टूरमध्ये खरं वाजतं ते स्पीडवरून. तो पुढे निघून जातो, वळणावर आरामात पाणी पितो. ती घामाघूम होऊन पोहोचते, तोवर ह्याची विश्रांती संपलेली! मग 'चल, निघू या' एवढं म्हणणंही महागात पडतं. (उलटंही होतं बरं का. दमणारी तीच असते असं नाही.) डॅन्यूबकाठी ही वेळ फारशी येत नाही. रस्ता प्रवाहाच्या दिशेने जातो, त्यामुळे जवळपास सपाट. बराचसा भाग मोटारींपासून वेगळा, म्हणजे गप्पा मारत जाता येतं. रोज ४०-४५ किलोमीटर धरले तरी आठवडाभरात व्हिएन्ना. तरीही एक नियम पाळाच: हळू चालवणाऱ्याने पुढे राहायचं.

ट्रेकवाल्यानेही नाराज व्हायचं कारण नाही. पहिला मुक्काम श्लोगेनला करा. इथे नदी चक्क यू-टर्न घेते. ते वळण वरून बघायला सायकली खाली ठेवून जंगलातून अर्धा-पाऊण तास चढावं लागतं. सिंहगड चढणाऱ्यांना किरकोळच!

पुढे मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊ खोऱ्याचा पट्टा. २००० साली युनेस्कोच्या वारसा यादीत आलेला. द्राक्षमळे, जर्दाळूच्या बागा आणि ड्युर्नश्टाइनचा पडका किल्ला. इंग्लंडचा राजा रिचर्ड 'द लायनहार्ट' ११९२च्या अखेरीस पकडला गेला, तेव्हा त्याला इथेच डांबलं होतं. हा टप्पा आमच्या मते वेगवेगळा करावा. मेल्कहून सीझनमध्ये बोटी सुटतात, त्यात सायकलही चढते. दमलेल्याने डेकवर पाय पसरावेत, दुसऱ्याने हवं तेवढं पळवावं, किल्ला चढावा आणि संध्याकाळी क्रेम्सला भेटावं. दिवसभर लांब राहिलं की रात्री जेवताना सांगायलाही काहीतरी असतं!

आता कामाचं. मे ते सप्टेंबर उत्तम. पासाऊला सायकल भाड्याने घेऊन व्हिएन्नाला परत करता येते. बॅगा पुढच्या हॉटेलवर पोहोचवणारी सर्व्हिसही मिळते. फिटनेसमध्ये फारच फरक असेल तर एकाने बॅटरीवाली ई-बाइक घ्यावी, त्यात लाज कसली? शेंगेन व्हिसा एकच पुरतो, पण हॉटेल बुकिंग लागतं, म्हणून मुक्काम आधीच ठरवा. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं, हे पहिल्या दिवशी एकमेकांना आठवण करून देत राहा. आणि रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा ब्रेड, चीज, केळी शनिवारीच घेऊन ठेवा.