कायद्याच्या मापाचं काडतूस

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बंदुकीने हरणं मारायचा मोसम १५ नोव्हेंबरला उघडतो आणि ३० तारखेला संपतो. डेट्रॉइटच्या आसपास नोकरी करणाऱ्या मराठी माणसांना हा पंधरवडा चांगला ठाऊक असतो, कारण ऑफिसातले निम्मे सहकारी एकाएकी रजेवर जातात. त्यांच्या हातातली रायफल दुकानातून पसंत करून आणलेली असली, तरी तिच्यातलं काडतूस बऱ्याच अंशी राज्याच्या नियमपुस्तिकेने पसंत केलेलं असतं.

या राज्याच्या दक्षिण भागात पूर्वी हरणासाठी लांब पल्ल्याची रायफल चालत नसे. प्रदेश सपाट आहे, शेतं आहेत आणि शेतांच्या पलीकडे घरं आहेत. नळी बरीच वर उचललेली असताना सुटलेली रायफलची गोळी चार किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. म्हणून तिथे बाराबोर बंदूक आणि तिच्यात ‘स्लग’, म्हणजे छऱ्यांऐवजी शिशाचा एकच जाड गोळा, अशी पद्धत होती. स्लग वजनाला साधारण २८ ग्रॅम. तो संथ निघतो आणि लवकर खाली येतो. खांद्याला मात्र असा दणका देतो की नवखा माणूस दुसऱ्या बारापूर्वी डोळे मिटून घेतो.

२०१४ साली मिशिगनने मधला मार्ग काढला. रायफल चालेल, पण गोळीचा व्यास ०.३५ इंच किंवा त्याहून जास्त हवा, काडतुसाची पुंगळी बुडापासून तोंडापर्यंत सरळ हवी आणि तिची लांबी १.१६ ते १.८० इंचांच्या दरम्यान हवी. ओहायोनेही त्याच वर्षी सरळ पुंगळीला दार उघडलं.

पुंगळीच्या आकाराशी सरकारचं काय देणंघेणं? इथे खरी गंमत आहे. आजच्या बहुतेक शिकारी रायफलींचं काडतूस खाली पोट सुटलेलं आणि वर मान आवळलेलं असं असतं. पोटात दारू भरपूर मावते आणि तिचा सगळा जोर वरच्या बारीक, लांबट गोळीवर येतो. अशी गोळी प्रचंड वेगाने निघते, हवा सहज कापते आणि दूरवर दम टिकवते. मान काढून टाकली की पुंगळीच्या रुंदीएवढीच जाड गोळी बसवावी लागते. वर लांबीलाही मर्यादा घातली की दारूची जागा बेताचीच उरते. जाड, आखूड गोळीला हवेचा अडथळा जास्त, त्यामुळे तिचा वेग भराभर ओसरतो. म्हणजे नियम लिहिणाऱ्याने वेगाचा किंवा पल्ल्याचा एकही आकडा न घालता, नुसत्या पितळी पुंगळीच्या आकारावर बोट ठेवून गोळीच्या पल्ल्याला वेसण घातली. रानातल्या वनरक्षकाला वेग मोजता येत नाही, पण खिशातल्या मोजपट्टीने पुंगळी मोजता येते. सरकारी नियमांत इतकी हुशारी क्वचितच सापडते.

मग कारखानदार कामाला लागले. विंचेस्टर कंपनीने २०१९ मध्ये ‘.३५० लेजंड’ नावाचं काडतूस बाजारात आणलं. सरळ पुंगळी, लांबी १.७१ इंच, गोळीचा व्यास ०.३५७ इंच. सगळे आकडे कुंपणाच्या आत! १५० ग्रेनची, म्हणजे पावणेदहा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७०० मीटर वेगाने निघते आणि खांद्याला स्लगच्या मानाने फारच हलका धक्का बसतो. रेमिंग्टनने २०२३ मध्ये ‘.३६० बकहॅमर’ आणलं. एकोणिसाव्या शतकातल्या प्रसिद्ध .३०-३० काडतुसाची मान सरळ करून ते बनवलेलं आहे आणि त्याची पुंगळी बरोबर १.८० इंच भरते. निसर्गात चोचीचा आकार बियांवरून ठरतो. इथे काडतुसाचा राजपत्रावरून ठरला.

शेजारच्या इंडियानात तर याहून मजा. तिथल्या नियमात लांबीची मर्यादा होती, पण ‘सरळ’ हा शब्दच नव्हता. हौशी कारागिरांनी मोठी, मान आवळलेली काडतुसं घेतली, त्यांची लांबी मर्यादेपर्यंत छाटली आणि जाड गोळी बसवून अगदी कायदेशीर राक्षस तयार केले. पळवाट शोधण्याची कला फक्त आपल्याकडेच फुलते असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मुळात स्लग अधिक सुरक्षित हा समजही वाटतो तितका पक्का नाही. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या विधिमंडळासाठी २००७ मध्ये याच प्रश्नावर एक अभ्यास झाला. नळी वर उचललेली असेल तर रायफलची गोळी सर्वांत दूर जाते, हे अपेक्षितच होतं. पण नळी जमिनीला समांतर असताना, म्हणजे हरणावर नेम धरताना ती बहुधा असते तशी, उसळी धरून मोजलेलं अंतर स्लगचंच जास्त निघालं. बारीक, वेगवान गोळी जमिनीवर आपटली की विस्कटते. जाड, संथ स्लग टप्पा घेऊन पुढे जातो. काही राज्यांनी बाराबोरची सक्ती पुढे सोडून दिली. ही नियमपुस्तिका दर वर्षी नव्याने वाचावी लागते, ती यासाठीच.

आता हीच .३५० लेजंड घेऊन माणूस दुसरीकडे राहायला गेला तर? कोलोरॅडोत पुंगळीच्या आकाराची अट नाही. तिथे एल्क या थोरल्या हरणासाठी गोळी किमान ०.२४ इंच व्यासाची आणि ८५ ग्रेनची हवी, आणि शंभर यार्डांवर तिच्यात १००० फूट-पौंड ऊर्जा उरलेली हवी. लेजंड इथे पास होते, तीही काठावर. उघड्या डोंगरउतारावर तीनशे यार्डांवरून दिसणाऱ्या एल्कसाठी मात्र जाणता शिकारी ती घरीच ठेवेल. कायद्याचे किमान गुण आणि रानातली खरी परीक्षा यांत बरंच अंतर असतं.

जर्मनीत मोठ्या जनावरांसाठी ती सरळ नापास. छोट्या रो हरणासाठी तिथे शंभर मीटरवर १००० ज्यूल पुरतात. पण लाल हरीण किंवा रानडुक्कर मारायचं तर गोळी किमान ६.५ मिलिमीटरची आणि शंभर मीटरवर २००० ज्यूल हवेत. लेजंडकडे तिथवर उरतात जेमतेम पावणेदोन हजार. स्वीडनमध्ये समोर घोड्याएवढा मूस असतो आणि कायदा आणखी बारकाईने बोलतो. गोळी नऊ ग्रॅमची असेल तर शंभर मीटरवर २७०० ज्यूल हवेत, पण दहा ग्रॅमची असेल तर २००० चालतील. एका ग्रॅमसाठी सातशे ज्यूलांची सूट! जड गोळी संथ असली तरी मांसा-हाडांतून खोल जाते, हा शिकाऱ्यांचा पिढीजात अनुभव तिथे कलमात उतरला आहे. १८९४ सालची त्यांची लाडकी ६.५ बाय ५५ रायफल लांब, जड गोळी घेऊन याच सवलतीत आरामात बसते. नामिबियात ऊर्जा नळीच्या तोंडाशी मोजतात: स्प्रिंगबॉक या लहान हरणाला १३५० ज्यूल, कुडू या मोठ्या हरणाला २७००, रानरेडा नि हत्तीला ५४००. म्हणजे दर पायरीला दुप्पट. हे सारे आकडे एकाच गोष्टीसाठी आहेत: जनावर जखमी होऊन तडफडत पळू नये.

कॅलिफोर्नियात मात्र नियम ठरवला तो शिकार न होणाऱ्या एका पक्ष्याने. काँडॉर हे तिथलं अवाढव्य गिधाड १९८२ मध्ये जगात फक्त २२ उरलं होतं. शिकाऱ्यांनी मागे टाकलेल्या आतड्यांत शिशाचे कण असत आणि ते खाऊन हे पक्षी विषबाधेने मरत. (आपली गिधाडं गुरांच्या डायक्लोफेनॅकने गेली, मेलेल्या जनावराच्या मांसातून विष तसंच पोचलं.) १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. त्याचे धागे थेट बंदुकीच्या नळीत पोचतात. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी हवेत सरळ राहायला अधिक जोरात गरगरावी लागते आणि त्यासाठी नळीच्या आतले पीळ जास्त घट्ट लागतात. आजोबांच्या रायफलीचे पीळ सैल असतील, तर तिला हलकी गोळी शोधावी लागते.

हे सगळं परदेशी वाटत असेल तर आपल्याकडे येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात येणारा गोरा साहेब वाघ-हत्तींसाठी .४५० ची दुनळी रायफल आणायचा. रिग्बी कंपनीने १८९८ मध्ये काढलेलं हे काडतूस हत्ती लोळवण्यात वाकबगार होतं. पण सरहद्दीवरच्या आणि सुदानमधल्या बंडखोरांकडे जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली होत्या, त्यांचाही व्यास .४५०. साहेबाच्या काडतुसातला माल त्यांच्या कामी येईल या धास्तीने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदानात .४५० ला बंदी झाली. लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी लागलीच .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी रांग लावली. ताकद जवळपास तीच, व्यासात सुताचा फरक. हत्तीला काय कळणार! त्यातली .४७० पुढे जिथे बंदी नव्हती त्या आफ्रिकेतही इतकी रुजली, की आजही दुनळी रायफल म्हटलं की आधी तीच आठवते.

लष्कराची .३०३ सुद्धा नागरिकांना वर्ज्य होती. शिकारी जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल मिळालेली .२७५ रिग्बी ही मुळात जर्मन माउझरची ७ मिलिमीटर, फक्त इंग्रजी नाव घेतलेली. आणि सर्वसामान्य परवानाधारकाच्या वाट्याला आली ती .३१५: ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं जुनं मॅनलिकर काडतूस. रायफल कोलकात्याजवळच्या ईशापूरची, काडतूस पुण्याच्या खडकीचं. बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरं म्हणजे किर्की फॅक्टरी. ऑस्ट्रियाचं साम्राज्य गेलं, इंग्रज गेले, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारही गेली. पण परवान्यांच्या भाषेत .३०३ अजून ‘प्रोहिबिटेड बोर’ आहे आणि .३१५ ‘नॉन-प्रोहिबिटेड’. बंडखोरांच्या हाती लष्करी मापाचा माल पडू नये म्हणून निवडलेल्या या मापाचं काडतूस देशात सगळीकडे मिळतं, म्हणून उत्तरेकडच्या बेकायदा भट्ट्यांत गावठी कट्टेही बहुतेक त्याच मापाचे बनतात.