जलद चार्जिंग हळू का होते?

मी कला शाखेचा विद्यार्थी. विजेच्या गणिताशी माझा संबंध दहावीनंतर सुटला तो सुटलाच होता. तो पुन्हा जुळला गेल्या मे महिन्यात, आणि तोही आजीच्या डोळ्यांमुळे.

आजीच्या मोतीबिंदूची तपासणी छत्रपती संभाजीनगरला ठरली होती. डॉक्टर दोनपर्यंतच बसणार होते. मामांनी नुकतीच विजेवर चालणारी मोटार घेतलेली. बॅटरी ३० युनिटची. रात्री घरच्या प्लगवर लावली, पण मध्येच लाईट गेली आणि सत्तर टक्क्यांवरच सोनपेठ सोडावे लागले. पाथरी, माजलगाव करीत गढीला महामार्गाला लागलो. पुढे एका चार्जिंग केंद्रावर थांबलो तेव्हा २२ टक्के उरले होते.

पाटीवर लिहिले होते, ६० किलोवॅट. मी तोंडी हिशेब केला. ६० किलोवॅट म्हणजे मिनिटाला एक युनिट. ८० टक्के व्हायला साडेसतरा युनिट लागतील, म्हणजे अठरा मिनिटे. "चहा होईस्तोवर होतंय, मामा," असे छातीठोकपणे सांगूनही टाकले. प्रत्यक्षात बावन्न मिनिटे लागली. मामा गाडी करणाऱ्यांवर चिडले, मी केंद्रावर चिडलो, आणि आजी बिचारी निंबाखाली पदराने वारा घेत बसली.

पुढे ओळखीच्या पदार्थविज्ञानाच्या एका सरांना विचारले, तेव्हा कळले की चूक माझ्या हिशेबात होती. पाटीवरचा आकडा केंद्राच्या कमाल शक्तीचा असतो. शक्ती म्हणजे दाब गुणिले धारा. दाब बॅटरीचा, आमच्या गाडीत तो सुमारे ३२० व्होल्ट. केंद्राची तार जास्तीत जास्त १५० अँपिअर देत असेल, तर गुणाकार होतो ४८ किलोवॅट. म्हणजे ६० आधीच गेले. त्यात शेजारी दुसरी मोटार लागलेली होती. पाटाचे पाणी दोन दारांनी सोडले की प्रत्येक शेताला निम्मे, तसे अनेक केंद्रांत शक्ती वाटली जाते. आमच्या वाट्याला उरले ३०.

आणि पडद्यावर तर २० च दिसत होते! हे उरलेले दहा कोणी खाल्ले? आपल्या परभणीच्या उन्हाने. लिथियम बॅटरी भरताना लिथियमचे विद्युतभारित कण एका ध्रुवाकडून निघून दुसऱ्या ध्रुवातील ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. फार घाई केली तर ते थरांत न शिरता वरच धातूरूपाने साचतात आणि बॅटरी कायमची अधू होते. बॅटरी तापलेली असली तर तिची झीज वेगाने होते. म्हणून गाडीतला छोटा संगणक तापमान पाहून स्वतःच धारा कमी मागतो. केंद्र देऊ करते. किती घ्यायचे ते गाडी ठरवते. (या बॅटरीच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, आजीपेक्षाही वडील!)

खरी हानी मात्र ८० टक्क्यांनंतर झाली. संभाजीनगर गाठायला तेवढे पुरेसे होते, पण मामांना धास्ती वाटली, "शंभर होऊ दे." मीही गप्प राहिलो. रिकाम्या एस.टी.त पहिली माणसे पटापट बसतात. शेवटच्या दहांना मात्र जागा शोधत, पिशव्या सरकवत बसावे लागते. ग्रॅफाइटचे थर भरत आले की तसेच होते आणि धारा आणखी उतरते. शेवटच्या वीस टक्क्यांनी पाऊण तास खाल्ला. आम्ही पोहोचलो तेव्हा अडीच वाजले होते आणि डॉक्टर उठून गेले होते.

पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. त्या वेळी आम्ही पहाटे पाचला निघालो, रात्री लाईट होती म्हणून बॅटरी पूर्ण भरलेली. केंद्रावर शेजारी कोणी नव्हते. ८० टक्के होताच मीच तार काढली. वीस मिनिटेही लागली नव्हती. मामा काही बोलले नाहीत, फक्त घड्याळाकडे पाहिले. आजीने विचारले, "झालं का रे भरून?" मी म्हणालो, "नाही आजी, पण जायला पुरेल."