गळ्यातली पाटी आणि मालवणी घर

वेल्सच्या माणसाला इंग्रजांचा राग का, याची कारणे इतिहासात भरपूर सापडतात. 1536 मध्ये इंग्लंडच्या राजाने वेल्स आपल्या राज्यात सामील केले आणि कोर्टकचेऱ्यांतून वेल्श भाषा हद्दपार झाली. 1965 मध्ये लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी कापेल केलिन हे वेल्श बोलणारे गाव धरणाखाली गेले. पण एकोणिसाव्या शतकात शाळेत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत, त्यामागे कोणताही सरकारी कायदा नव्हता. ही पद्धत तिथल्याच शिक्षकांनी चालवली, आणि पोर इंग्रजी शिकून पुढे जाईल म्हणून कित्येक आईबापांनी ती चालू दिली. सिंधुदुर्गातल्या मालवणीचे आज काय होत आहे, हे समजायला वेल्सच्या साऱ्या इतिहासात मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

मालवणी, म्हणजेच अभ्यासकांची कुडाळी, मराठी आणि कोकणी यांच्या मधोमध उभी आहे. 2001 च्या जनगणनेत देशभरात जेमतेम 47 हजार लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली, आणि तीही कोकणीच्या खात्यात धरली गेली. एकट्या सिंधुदुर्गाची लोकसंख्या तेव्हा 8 लाख 68 हजार होती. म्हणजे घरात ‘माका’, ‘तुका’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी कागदावर मराठी लिहिले. हे कोणी बळजबरीने करवले नाही. घाटावरच्या माणसाला ‘घाटी’ म्हणून नाक मुरडणारे तोंड पुण्यामुंबईच्या पाहुण्यासमोर मात्र मालवणी बोलायला कचरते. दशावतारी नाटकांतसुद्धा देव आणि राजे ग्रंथातली मराठी बोलतात, आणि मालवणी येते ती विनोदी संकासुराच्या तोंडी. 1980 साली गंगाराम गवाणकरांचे मालवणी नाटक ‘वस्त्रहरण’ रंगमंचावर आले, मच्छिंद्र कांबळींनी ते हजारो प्रयोगांपर्यंत नेले आणि मालवणीला साऱ्या महाराष्ट्रात मान मिळाला, हे त्यांचे ऋण फार मोठे आहे. तरीही त्या यशाने ही बोली हसण्याची म्हणूनच लोकांच्या मनात बसली. खरे तर ग्रामदेवतेपुढचे गाऱ्हाणे मालवणीतच घातले जाते. ज्या बोलीत गाव देवाकडे पाऊसपाणी आणि लेकराबाळांची खुशाली मागते, ती हलकी कशी असेल?

यावर कोणी म्हणेल, वेल्श ही स्वतंत्र भाषा आहे, मालवणी तर मराठीचीच बोली, तुलना कशाला? उलट, याच फरकामुळे मालवणीची अडचण जास्त आहे. वेल्शला कोणी मागासलेली म्हटले असेल, पण मोडकी इंग्रजी म्हटले नाही. मालवणी मराठीच्या इतकी जवळ आहे, की वर्गात ती चुकलेली मराठी ठरते आणि वहीत तिच्यावर लाल रेघ येते. दुसरा आक्षेप असा, की बोलीचा आग्रह धरला तर मराठी दुबळी होईल, आणि गोव्यातल्या कोकणी-मराठी वादाच्या आठवणीने ही धास्ती वाढते. पण वेल्समध्ये वेल्श माध्यमात शिकलेली मुले इंग्रजीत अडखळत नाहीत. 2020 च्या शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावे असे म्हटले आहे. मालवणीला मराठीपासून तोडण्याची गरजच नाही; पहिली-दुसरीच्या वर्गात तिला बोलू द्यावे, एवढेच पुरे.

1939 साली वेल्समधल्या ॲबरिस्टविथला वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा सुरू झाली, तेव्हा तीत सात मुले होती. वेल्श दूरदर्शन वाहिनी मिळाली ती 1982 मध्ये, वेल्श नेते ग्विन्फोर एव्हन्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिल्यानंतर. एवढे करूनही 2011 मध्ये 19 टक्के असलेले वेल्श बोलणारे 2021 मध्ये 17.8 टक्क्यांवर आले. शाळा आणि कायदे घराची जागा घेऊ शकत नाहीत, हे या घसरणीतून दिसते. मालवणीला तर अजून सात मुलांचा वर्गही मिळालेला नाही. तिचे सगळे बळ घरातच आहे. म्हणून सिंधुदुर्गातल्या आणि मुंबईतल्या चाकरमान्यांच्या घरांतल्या आईबापांना सांगणे एवढेच, की मुलांशी मालवणीत बोला, आणि येत्या जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात घरात जी बोलता तीच लिहा.