पहिला बर्फ आणि गाडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

28 जानेवारी 2014 रोजी अमेरिकेतल्या अटलांटा शहरात जेमतेम अडीच इंच बर्फ पडला. दुपारी शाळा, कचेऱ्या आणि दुकानं एकदमच सुटली. सगळं शहर एकाच वेळी गाड्या घेऊन घराकडे निघालं आणि रस्त्यावर मीठ-वाळू टाकणारे ट्रकही त्याच गर्दीत अडकून पडले. हजारो लोकांनी ती रात्र महामार्गावर गाडीत बसून काढली, कित्येक मुलं शाळेतच झोपली. त्याच देशाच्या उत्तरेला, मिनिआपोलिस किंवा बफेलोत, अडीच इंच बर्फ पडला तर लोक सकाळी थोडे लवकर निघतात आणि कामाला लागतात.

जास्त बर्फ म्हणजे जास्त धोका, हा समज इथेच कोसळतो. ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’मध्ये 2005 साली आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या पंचवीस वर्षांच्या अपघातांची नोंद तपासली होती. बर्फाच्या दिवशी किरकोळ अपघात आणि जखमा वाढतात, पण जीवघेणे अपघात कोरड्या दिवसांपेक्षा थोडे कमीच होतात, असं त्यात दिसलं. लोक वेग कमी करतात, हे त्याचं उघड कारण. याला अपवाद एकच: मोसमातला पहिला बर्फाचा दिवस. त्या दिवशी जीवघेणे अपघात नंतरच्या बर्फाळ दिवसांपेक्षा जास्त होतात, आणि वयस्कर चालकांना त्याची झळ अधिक बसते. बर्फ तोच, रस्ता तोच; चालकाच्या हातापायांना मात्र मधल्या आठ महिन्यांत त्याचा विसर पडलेला असतो. जूनच्या पहिल्या सरीत बोरघाटात गाड्या का घसरतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

थंडी जितकी कडक, तितका रस्ता निसरडा?

हा गैरसमज आपल्याकडच्या माणसाला अगदी स्वाभाविक वाटतो. प्रत्यक्षात उलट घडतं. उणे पंचवीस अंशांवरचा बर्फ कोरडा आणि कडक असतो, चाकाखाली करकरतो आणि टायरला बऱ्यापैकी पकड देतो. शून्याच्या आसपासच्या बर्फावर मात्र पाण्याचा पातळ थर असतो, आणि ओल्या बर्फाइतकं निसरडं काहीच नाही. म्हणून कॅनडातल्या विनिपेगमध्ये जानेवारीत गाडी चालवणारा माणूस टोरांटोच्या डिसेंबरला जास्त बिचकतो. टोरांटोत दिवसा बर्फ वितळतो, संध्याकाळी गोठतो, पुन्हा वितळतो.

रस्त्यावर मीठ टाकलं की काम झालं, हा समजही याच्याशीच जोडलेला आहे. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, हे खरं. पण साधं मीठ उणे आठ-दहा अंशांच्या खाली फार मंद होतं. तिथून पुढे दुसरे क्षार तरी वापरावे लागतात, नाहीतर सरळ वाळू-खडी टाकावी लागते. वाळू बर्फ वितळवत नाही, फक्त चाकाला धरायला काहीतरी देते.

जपानमध्ये हवामानाप्रमाणे उपाय कसा बदलतो ते स्वच्छ दिसतं. निइगाता प्रांतातल्या नागाओका शहरात रस्त्याच्या मधोमध नळ्या बसवलेल्या आहेत. हिवाळ्यातही कोमट राहणारं भूजल त्यांतून रस्त्यावर शिंपडलं जातं आणि बर्फ वाहून जातो. तिथे प्रचंड बर्फ पडतो, पण तापमान शून्याच्या जवळपासच राहतं, म्हणून हे जमतं. हीच युक्ती उत्तरेला साप्पोरोत केली, तर रस्त्याची घसरगुंडी होईल. साप्पोरोत चौकाचौकांत वाळूच्या पिशव्या भरलेल्या पेट्या ठेवतात. सिग्नलला थांबून पुन्हा सुटणाऱ्या गाड्यांची चाकं बर्फ घासूनघासून आरशासारखा गुळगुळीत करतात, तिथे पायी चालणाऱ्यानेही मूठभर वाळू टाकावी, अशी ती सोय आहे.

बर्फ दिसत नाही, म्हणजे रस्ता मोकळा?

पांढरा बर्फ निदान दिसतो. ज्याला ‘ब्लॅक आइस’ म्हणतात तो पारदर्शक असतो. त्याच्यातून खालचं डांबर दिसतं आणि रस्ता नुसता ओला वाटतो. हिमाचलमधले चालक अशा गोठलेल्या थराला ‘पाला’ म्हणतात, आणि डोंगरातल्या रस्त्यावर तो कुठे सापडणार हे त्यांना पाठ असतं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन लागतं, तिथला बर्फ दुपारी वितळतो आणि पाणी रस्ता ओलांडून वाहतं. चार वाजता सूर्य कड्याआड गेला की तेच पाणी काचेसारखं गोठतं. सावलीतल्या वळणावर तर ऊन दिवसभर पोहोचतच नाही. पुलावरचा रस्ता आसपासच्या रस्त्याआधी गोठतो, कारण त्याला खालूनही गार हवा लागते.

ओळखायची एक खूण सांगतो. तापमान शून्याजवळ आहे, रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाण्याचे तुषार उडत नाहीत. याचा अर्थ ते पाणी नाही. अशा वेळी ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग झटक्याने फिरवू नका. हळूच अॅक्सिलरेटरवरून पाय उचला आणि गाडी सरळ जाऊ द्या. क्रूझ कंट्रोल अशा रस्त्यावर बंदच हवा.

फोर बाय फोर आहे, मग भीती कसली?

माझ्या मते सगळ्यात घातक गैरसमज हा. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळाली की गाडी बर्फातून सुटते, चढ चढते, रुतत नाही. पण थांबताना चारही चाकांना ब्रेक प्रत्येक गाडीत असतोच. तिथे फोर बाय फोर आणि साधी हॅचबॅक सारख्याच. उलट फोर बाय फोर जड असते.

हिशेब साधा आहे. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी चांगल्या कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून सुमारे 15 मीटरमध्ये थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर तीच गाडी 50 मीटरच्या आसपास घेते, आणि ओल्या गोठलेल्या थरावर 100 मीटरही पुरत नाहीत. चालकाला भान यायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही.

मनालीत हा गैरसमज दरवर्षी नव्याने पाहायला मिळतो. 9.02 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा 3 ऑक्टोबर 2020 रोजी खुला झाला. त्याआधी हिवाळ्यात रोहतांग खिंड बंद व्हायची आणि पर्यटकाची गाडी तिथेच अडायची. आता मैदानी मुलखातला चालक डिसेंबरमध्येही तीन हजार मीटरच्या वर पोहोचतो. बोगदा आतून कोरडा आहे. घसरण आहे ती दोन्ही तोंडांबाहेरच्या रस्त्यांवर. डिसेंबर 2024 मध्ये नाताळच्या तोंडावर बर्फ पडला आणि मनालीजवळचं सोलंग आणि बोगदा यांच्या दरम्यान सुमारे हजार गाड्या अडकल्या. त्या सुमारास उतारावरून आपोआप घसरत जाणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ आपण सर्वांनी मोबाइलवर पाहिले.

बर्फ पडल्यावर पोलीस बऱ्याचदा फक्त फोर बाय फोर गाड्यांना पुढे सोडतात, आणि लोक त्याचा अर्थ ‘ही गाडी सुरक्षित आहे’ असा लावतात. साधी गाडी चढावर अडकून सगळा रस्ता बंद करते, म्हणून तो नियम आहे. तुम्ही उतरताना थांबू शकाल, अशी हमी त्यात कोणी दिलेली नाही.

फरक पडतो तो टायरने

साध्या टायरचं रबर सुमारे सात अंशांच्या खाली कडक होऊ लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. टायरच्या बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण, असं चिन्ह कोरलेलं असेल तर तो टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला आहे. ‘एम प्लस एस’ ही अक्षरं पुरेशी नाहीत. ती लिहायला चाचणी लागत नाही, आणि जर्मनीने ऑक्टोबर 2024 पासून हिवाळी टायर म्हणून ती मानणं बंद केलं आहे. म्युनिक किंवा श्टुटगार्टला नव्याने गेलेल्या आपल्या मुलामुलींनी जुनी गाडी घेताना हे चिन्ह वाकून बघावं.

कॅनडात क्युबेक प्रांताने 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे केले आहेत. शेजारच्या ओंटारिओत, जिथे मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, तशी सरसकट सक्ती नाही. त्यामुळे ‘ऑल सीझन’ टायरवर पहिला हिवाळा काढायचा मोह होतो. त्या नावातला हिवाळा कॅनडाचा नाही, हे लक्षात ठेवा. पैसे वाचवायला दोनच हिवाळी टायर बसवणं तर त्याहून वाईट: पुढची चाकं धरतात, मागची सुटतात आणि गाडी गरकन फिरते. बसवायचे तर चारही.

भारतात हिवाळी टायर सहज मिळत नाहीत. मनाली-शिमल्याकडे म्हणून चाकांवर लोखंडी चेन लावतात. इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते त्यांना ही चेन लावायची, बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. कोरडा रस्ता लागला की काढायची, आणि वेग तीस-चाळीसच्या वर न्यायचा नाही. टायरमधली हवा कमी केली की बर्फात पकड वाढते, हा सल्ला वाळवंटातला आहे. बर्फाळ रस्त्यावर कंपनीने दिलेलाच दाब ठेवा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की दाब साधारण एका पीएसआयने आपोआप घटतो, तेव्हा थंडीत उलट तो तपासून भरावा लागतो.

पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या गाडीत

आपल्याकडे रेडिएटरमध्ये साधं पाणी घालायची सवय अजून आहे. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं; एका रात्रीत रेडिएटर फुटतो, कधी इंजिनचा ब्लॉकही तडकतो. कूलंट आणि पाणी निम्मं निम्मं असलं पाहिजे. वायपरच्या टाकीतलं पाणीही गोठतं. काचेवरचा बर्फ काढायला गरम पाणी ओतू नका, काच तडकते. रात्री सपाट जागी गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवला तर सकाळी तो गोठून अडकू शकतो. गिअर टाकून ठेवा आणि चाकांना दगड लावा. लडाखमध्ये नेहमीचं डिझेल थंडीत घट्ट होतं. म्हणून इंडियन ऑइलने 2019 मध्ये तिथल्यासाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. मैदानी मुलखात भरलेल्या टाकीवर लेहचा हिवाळा काढायला जाऊ नका.

एबीएस असलेल्या गाडीत ब्रेक थोडा थोडा दाबत राहण्याची जुनी रीत सोडून द्या. पाय घट्ट ठेवा, पेडल थरथरलं तर ते बरोबर आहे. मात्र एबीएसने गाडी लवकर थांबते असं नाही. भुसभुशीत बर्फात थोडं जास्तच अंतर लागतं. त्याचा फायदा हा की ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळते.

अडकलो तर हीटर लावून बसू

जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ पाहायला प्रचंड गर्दी लोटली. 7 तारखेच्या रात्री तुफान हिमवर्षाव झाला, रस्ते बंद पडले, आणि गाड्यांत अडकलेल्या किमान 22 जणांचा मृत्यू झाला. त्यांत लहान मुलं होती. काही थंडीने गेले, तर काही कार्बन मोनॉक्साइडने. सायलेन्सरचं तोंड बर्फाखाली गाडलं गेलं की धूर बाहेर पडत नाही, तो गाडीखालून आत शिरतो. या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं की दिवसभराचा थकवा आहे.

म्हणून अडकलात तर इंजिन सुरू करण्याआधी दर वेळी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ हातांनी किंवा फावड्याने मोकळा करा. इंजिन तासाला दहा मिनिटं चालवा, वारा ज्या बाजूने येत नाही तिकडची काच बोटभर उघडी ठेवा, आणि सगळे एकदम झोपू नका. गाडीत ब्लँकेट, पाणी, खाऊ, बॅटरी आणि छोटं फावडं असू द्या.

नाताळच्या सुट्टीत मनालीला गाडी घेऊन जाणार असाल, तर एक विनंती आहे. बर्फ पडला असेल तर आपली गाडी मनालीतच ठेवा आणि पुढे स्थानिक चालकाची चेन लावलेली गाडी करा. त्याने किंवा पोलिसाने दुपारी दोन वाजता ‘आता परत फिरा’ म्हटलं, तर फोटो राहिले तरी चालतील, पण त्याच क्षणी फिरा.