हौसेची सव्वाशे वर्षं: फिलाडेल्फियाची सॅव्हॉय कंपनी

संगीत नाटकाचं वेड असणाऱ्या प्रत्येकाला ही मंडळी ठाऊक असायलाच हवीत! अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात १९०१ साली सुरू झालेली सॅव्हॉय कंपनी गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीचे विनोदी ऑपेरा करते. गाणारे सगळे हौशी, आपापला नोकरीधंदा सांभाळून तालमीला येणारे. नाव घेतलंय लंडनच्या सॅव्हॉय थिएटरवरून. १८८१ मध्ये उघडलेल्या त्या नाट्यगृहात या जोडीचे ऑपेरा गाजले आणि विजेचे दिवेही झळकले.

प्रयोगांच्या जागा तर बघाच:

🎭 अकॅडमी ऑफ म्युझिक, फिलाडेल्फिया: १८५७ मध्ये सुरू झालेलं भव्य ऑपेरागृह. कंपनीचे अनेक प्रयोग इथे झालेत.

🌳 लाँगवुड गार्डन्सचं खुलं नाट्यगृह, केनेट स्क्वेअर: पियर ड्यू पाँट यांनी इटलीतलं बागेतलं नाट्यगृह पाहून उभारलेलं. विंगांच्या जागी कातरलेली हिरवी झाडं आणि पडदा चक्क कारंज्यांचा!

पोटासाठी दुसरं काम करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एक नाट्यप्रकार जिवंत ठेवला, याचं मला फार अप्रूप वाटतं. तिकडच्या मराठी मित्रांनो, प्रयोग लागला की सहकुटुंब जा!