बाटली भरलेली, माणूस आडवा

खिरेश्वरहून हरिश्चंद्रगड चढताना टोलार खिंड मागे टाकली की उघडा कातळ लागतो. रेलिंग आहे, त्यामुळे भीती नाही. पण सावलीही नाही. ऑक्टोबरात सकाळी अकरानंतर तो तव्यासारखा तापतो. काही वर्षांपूर्वी तिथेच फर्स्ट इयरचा एक मुलगा मट्कन खाली बसला. पोटऱ्यांत गोळे, डोकं ठणकतंय, मळमळ. ओझं कमी करावं म्हणून त्याची सॅक उघडली, तर आत लिटरच्या तीन बाटल्या. तिन्हींची सीलं शाबूत.

‘‘दादा, वर पोचल्यावर पिणार होतो. चढताना पाणी पिलं की दम लागतो ना!’’

हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. कॉलेज सुरू होऊन दोनेक महिने झाले की आम्ही नव्या मुलांना पहिल्या मुक्कामी ट्रेकला नेतो. त्याआधीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी ते हमखास म्हणतं आणि बाकीचे माना डोलावतात. कुणाला बाबांनी सांगितलेलं असतं, कुणाला पीटीच्या सरांनी, कुणाला पोलीसभरतीसाठी पळणाऱ्या चुलतभावानं. बुटांबद्दल पंचवीस प्रश्न येतात, पाण्याबद्दल एकही नाही. पाण्याचं उत्तर सगळ्यांना आधीच पाठ असतं, आणि ते चुकीचं असतं.

दम पाण्यानं लागत नाही. चढावर पाठीला ओझं असताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो, कडक उन्हात त्याहून जास्त. हा घाम शेवटी रक्तातल्या पाण्यातूनच येतो. ते कमी झालं की हृदयाला दर ठोक्याला कमी रक्त मिळतं, म्हणून ते ठोके वाढवतं. त्यातच स्नायूंना रक्त हवं आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायला कातडीलाही हवं. दोघांना पुरेसं मिळेनासं झालं की अंग तापू लागतं. म्हणजे ज्या धापेच्या भीतीनं पाणी टाळायचं, तीच धाप पाणी टाळल्यानं वाढते.

‘‘पण सवय केली की शरीर कमी पाण्यात भागवतं’’ हा पुढचा युक्तिवाद. यावर मी पूर्वी वाद घालायचो, आता थेट ॲडॉल्फचं नाव घेतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रॉचेस्टर विद्यापीठाच्या एडवर्ड ॲडॉल्फ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर नेमकं हेच तपासलं. त्यांचं पुस्तक 1947 साली आलं. निष्कर्ष सरळ होता: उन्हाची सवय होते, तहानेची होत नाही. कमी पाण्याचा सराव करून शरीराची गरज घटत नाही, माणूस फक्त लवकर ढेपाळतो. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. पाणी जवळ असूनही घामाघूम माणूस पुरेसं पीत नाही. ती तूट तो जेवायला बसल्यावर भरून काढतो. तीन सीलबंद बाटल्यांचं कोडं मला तिथे थोडंफार सुटलं.

वाडवडिलांवर अन्याय नको. ‘चढताना पाणी नको’ या समजुतीत सत्याचा कण आहे. तासभर कोरडं चालून मग अर्धी बाटली गटागटा रिकामी केली तर पोटात पाणी डुचमळतं, टोचतं, कधी उलटी होते. जठर एवढं पाणी एका झटक्यात पुढे ढकलत नाही. दोष त्या गटागटाचा आहे. पंधरा-वीस मिनिटांनी तीन-चार घोट घ्या, काही डुचमळत नाही.

मग एवढं साधं असूनही मुलं पीत का नाहीत? एक कारण आळसाचं: बाटली सॅकच्या तळाशी, वर स्लीपिंग बॅग आणि चिवड्याचा डबा. काढायची कोणी? दुसरं कारण मला बरीच वर्षं कळलंच नाही, कारण ते कुणी मला सांगणारच नव्हतं. आमच्यातल्या एका ताईनं ते एकदा मला खडसावून सांगितलं. अर्ध्याअधिक मुली पहाटे घरून निघाल्यापासून मुद्दामच पाणी पीत नाहीत. वाटेत लघवीला जायचं कुठे? तीस जणांची रांग, पुढे-मागे मुलगे, आणि ‘जरा थांबा’ म्हणायचं कुणापाशी? ‘चढताना पाणी पिऊ नये’ हा नियम अशा वेळी फार सोयीचा पडतो. लाजेला शास्त्राचा आधार मिळतो.

तेव्हापासून मीटिंगमध्ये मी हा विषय सगळ्यांसमोर काढतो. पहिल्या वर्षी हशा पिकला, दुसऱ्या वर्षी कमी. दर तासाला एक थांबा. मुली ताईबरोबर पुढे जाऊन आडोसा बघतात, मुलगे मागे थांबतात, आणि पाणवठ्यापासून लांब जायचं हे दोघांनाही लागू. कागद, सॅनिटरी पॅड वगैरे झिपच्या पिशवीत घालून खाली आणायचं. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद झाला तर आपण मागे पडलोय. हे वाक्य बोलताना माझेच कान लाल व्हायचे. आता होत नाहीत.

उत्साही मंडळी मग दुसऱ्या टोकाला जातात: जितकं पाणी तितकं चांगलं! तेही खोटं. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तर 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम नेहमीपेक्षा कमी होतं, आणि त्यांतल्या तिघांचं तर गंभीर पातळीला उतरलेलं होतं. शर्यतीत फार पाणी पिऊन वजन वाढलेल्यांत हे प्रमाण जास्त होतं. घामाबरोबर मीठ जातं, म्हणून पाण्याबरोबर खारे शेंगदाणे, चिवडा, मीठ घातलेलं लिंबूसरबत. ओआरएसची पुडी असेल तर त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, साधारणपणे ती एक लिटरची असते. अर्ध्या बाटलीत सगळी पुडी ओतणारा शहाणा दर ट्रेकला एक असतोच. नुसती ग्लुकोज पावडर म्हणजे साखर. ‘ओआरएससारखं’ म्हणून विकलं जाणारं गोड पेयही ओआरएस नव्हे.

‘‘गडावरच्या टाक्याचं पाणी म्हणजे अमृत’’ हा पाण्याबद्दलचा आणखी एक समज. टाकी सुंदर आहेत, त्यातलं पाणीही गार आहे; पण त्यात पानं पडतात, माकडं येतात आणि आपण सगळे भांडी विसळतो. फडक्यानं गाळून गाळ जातो, जंतू जात नाहीत. खळखळून उकळा, नाहीतर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास कळ काढा.

बाकीचे समज झटपट. नवे बूट ट्रेकच्या आदल्या दिवशी घेऊ नका; आधी पंधरा दिवस कॉलेजला घालून जा, फोड तिथेच येऊ देत. जीन्स दणकट असते हे खरं, पण भिजली की जड होते आणि वाळता वाळत नाही. साप चावला तर वर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी-बूट काढा, चावलेला हात-पाय हलू न देता माणसाला उचलून खाली आणा आणि 108 ला फोन करा. रात्री थंडीत दारूनं ऊब येते असं सांगणारा सीनियर असतो. त्याला सांगा, कातडी गरम लागते कारण आतली उष्णता बाहेर चाललेली असते. आणि गडावर कुठेही तंबू ठोकता येतो हा समज तर मुळीच नको. हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, तिथे वनखात्याचे नियम चालतात आणि ते बदलतात. निघण्याआधी पायथ्याच्या खिरेश्वर किंवा पाचनई गावात फोन करून विचारा.

आता राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो रास्त आहे: तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो. मग दुसरं काहीतरी उतरवा. एका रात्रीसाठी तीन टी-शर्ट नकोत. परफ्यूम नको, पॉवरबँक चौघांत एक पुरते. आणि तो ब्लूटूथ स्पीकर घरीच ठेवा; वजन वाचेल, आणि गडाच्या कोकणकड्यावर इतरांना वारा ऐकू येईल.